लहान मुलांना बार-ब्रुअरीत न्यावं का? न्यायचंच तर कधी, कुठे आणि कसं?

सायलीचा_वेल

लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात, अंधेरीत, वांद्र्यात रविवारी दुपारी ब्रुअरीच्या (जिथे बीअर बनवतात आणि तिथेच पाजतात) टेबलाशी बाबागाडी लावलेली दिसते. शेजारच्या टेबलावर बीअरचा पिचर, या टेबलावर वरणभाताचा डबा. काहींना यात काही वावगं वाटत नाही, काहींच्या कपाळावर आठी उमटते. आपल्याकडे आधीपासून आणखी एक प्रकार आहे: सुरमईची थाळी उत्तम मिळते म्हणून सहकुटुंब जायचं ते हॉटेल कागदोपत्री परमिट रूमही असतं.

धाग्याचा विषय साधारण दहा वर्षांपर्यंतची मुलं. हॉटेल लाइनमधले, बीअर बनवणारे, डॉक्टर, वकील, ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी नेमकं लिहावं. नेऊ नये असं मत असेल तर तेही लिहा, पण कारणासकट.

शिवडी_बंदर

माझं मत सुरुवातीलाच: नेऊ नये. जिथे माणसं प्यायला जमतात ती जागा मुलासाठी बांधलेली नसते. स्टुलाची उंची, पायऱ्या, दिवे, आवाज, सगळं मोठ्यांच्या मापाने असतं. शिवाय घरी मुलं ठेवून दोन तास मोकळे बसायला आलेली माणसंही तिथे असतात, त्यांचाही विचार व्हावा. मासे खायला जायचं तर मुंबईत दारू न विकणाऱ्या खानावळी भरपूर आहेत.

कॅप्टन_टेबल_नंबर_९

शिवडी, मापाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. बार स्टुलाची बैठक जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटर, काउंटर १०५ ते ११०. तीन वर्षांचं मूल तिथून पडलं तर डोक्यावर पडतं, आणि खाली बहुतेक ठिकाणी कोटा किंवा सिमेंट. त्यामुळे मूल असेल तर हाय टेबल नकोच. कॅप्टनने (टेबल देणाऱ्या मुख्य वेटरने) दिलं तरी घेऊ नका, साध्या उंचीचं टेबल मिळेपर्यंत थांबा.

पण सरसकट "बार" म्हणून चालणार नाही. मुंबईत निदान पाच वेगवेगळ्या जागांना लोक बार म्हणतात. देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-३. तिथे मुलाला घेऊन उभं राहायचंच नाही, "दोन मिनिटांसाठी" सुद्धा नाही. क्वार्टर बारमध्ये लोक पटापट पिऊन निघतात, जागा अरुंद, संडासाची अवस्था वाईट, तेही नाही. ऑर्केस्ट्रा बारचं नाव काढायला नको. चौथी जागा म्हणजे एफएल-३ (विदेशी मद्य पाजण्याच्या) परवान्याचं कुटुंबी हॉटेल: खाली बार, वर किंवा बाजूला एसी फॅमिली सेक्शन. आणि पाचवी ब्रुअरी, तिथे बीअरचे टॅपही आणि स्वयंपाकघरही. चर्चा करायची ती या शेवटच्या दोघांची.

या दोन्हींत वेळ हा पहिला प्रश्न. दुपारी १२ ला शटर उघडतं तेव्हा फरशी कोरडी असते, वेटर ताजे असतात, किचन रिकामं असतं, जेवण पंधरा-वीस मिनिटांत टेबलावर येतं. हीच जागा रात्री ९ नंतर वेगळी असते. मात्र "दुपार म्हणजे सुरक्षित" असं समजू नका. रविवारचा अनलिमिटेड ब्रंच बहुतेक १२ ते ४ चालतो. एकदा पैसे भरले की लोक वसूल करतात, आणि ३ वाजता ते हॉल रात्री ११ च्या हॉलसारखं होतं. शेवटच्या अर्ध्या तासात तर एकेका टेबलावर दोन-दोन ग्लास भरून मागवतात. ब्रंच असेल तर मुलाला घेऊन १२ ला आत, २ ला बाहेर. संध्याकाळी हॅपी अवर्समध्ये एकावर एक असतं, ती वेळही टाळा. सामन्याच्या दिवशी तर जाऊच नका. विकेट पडली की सगळा हॉल उभा राहतो आणि तेव्हा खाली कोण आहे हे कुणी बघत नाही.

माल्ट_आणि_पाणी

ब्रुअरीबद्दल लिहितो, कारण लोकांना वाटतं काचेपलीकडच्या चकचकीत टाक्या म्हणजे शोभा. ती कारखान्याची जागा आहे आणि मुलांना तिचं आकर्षण प्रचंड.

पहिला धोका दिसत नाही, वासही येत नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड निघतो. हजार लिटरच्या एका बॅचमधून चार-पाच दिवसांत साधारण २० घनमीटर वायू बाहेर पडतो. चाळीतली दहा बाय दहाची खोली बरीचशी भरेल इतका. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत, नाल्यांत, टाक्यांच्या पायांशी, तळघरात साठतो. साध्या हवेत त्याचं प्रमाण ०.०४ टक्के. कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ०.५ टक्के, आणि ४ टक्क्यांना जिवाला तत्काळ धोका धरतात. मोठ्या माणसाचं नाक दीड मीटरवर असतं, दोन वर्षांच्या मुलाचं पाऊण मीटरवर. एकाच खोलीत मोठ्याला काही जाणवणार नाही आणि खाली बसून खेळणारं मूल सुस्तावेल, असं होऊ शकतं. चांगल्या ब्रुअरीत टाकीतला वायू सोडणारी ब्लो-ऑफ नळी इमारतीबाहेर काढलेली असते आणि भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला हा वायू मोजणारा मीटर असतो. मीटर छताजवळ लावला असेल तर त्याचा उपयोग नाही.

दुसरा धोका रसायनांचा. टाक्या धुवायला साधारण २ टक्के कॉस्टिक सोडा ७०-८० अंशांवर फिरवतात, मग आम्ल, मग जंतू मारायला पेरॅसिटिक. या धुण्याला सीआयपी म्हणतात. नळीचा क्लॅम्प सुटला तर फवारा थेट डोळ्यांच्या उंचीवर येतो, मुलाच्या. कॉस्टिक हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. अंगावर पडलंच तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं धरायचं, डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी ठेवून. लिंबू-व्हिनेगर लावायचं नाही.

तिसरी गोष्ट केगची, म्हणजे बीअरच्या पिंपांची, कोल्ड रूम. दार जड, आत थंड, वायूची नळी गळत असेल तर हवा खराब. लपाछपीसाठी मुलांना याहून चांगली जागा दिसत नाही. टेबल निवडताना कोल्ड रूमच्या दारापासून लांबचं घ्या.

सायलीचा_वेल

मग मुलांना ब्रुअरी दाखवायचीच नाही का? काही ठिकाणी फेरी असते.

माल्ट_आणि_पाणी

काचेबाहेरून जरूर दाखवा, आणि पाच-सहा वर्षांवरच्या मुलाला नीट समजावता येतं. जवाला मोड आणून वाळवलं की माल्ट, तो भरडून ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते, तो गोड काढा गाळून तासभर उकळतात, त्यात कडूपणासाठी हॉप्स नावाची फुलं, मग थंड करून यीस्ट. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरातल्या मुलाला पहिली अर्धी प्रक्रिया लगेच कळते. माल्टचे दोन दाणे चावायला दिले तर बिस्किटासारखे लागतात. आत फेरी घ्यायची असेल तर ब्रुअरला दोन प्रश्न विचारा: आज उकळणं किंवा सीआयपी चालू आहे का, आणि आज कोणती टाकी जोरात आंबते आहे का. दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तरच. मोठ्यांनीही बंद बूट घालावेत. पाच वर्षांखालच्या मुलाने आत जायचं नाही, कडेवरसुद्धा नाही, कारण फरशी ओली असते आणि मुलाला घेतलेला माणूस घसरला तर दोघंही पडतात.

बालरोग_ओपीडी

कॅप्टन आणि माल्ट यांनी जागेबद्दल लिहिलं, मी शरीराबद्दल लिहिते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "फेस चाटला तर काय होतंय." फेस चाटून विषबाधा होत नाही हे खरं. पण फेस चाटायला देणारं टेबल पुढच्या वेळी घोट देतं, आणि घोटाचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. ३० मिलीच्या छोट्या पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बीअरमध्ये १३ ग्रॅम. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम. १० किलोच्या, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाने टेबलावर राहिलेला एक छोटा पेग संपवला तर रक्तातलं प्रमाण १०० मिलीला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं. गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाला कायदा ३० ची मर्यादा घालतो.

लहान मुलात नशेपेक्षा मोठा धोका साखरेचा. यकृत अल्कोहोल मोडण्यात गुंतलं की नवी साखर तयार करत नाही. मुलाचा साठा थोडा, त्यात ते उपाशी असेल तर रक्तातली साखर कोसळते, झटके येतात. हे तासांनंतरही होऊ शकतं, म्हणून "झोपलंय, झोपू दे" ही सर्वांत महागात पडणारी चूक. लक्षणं: पेंगणं, तोल जाणं, उलटी, अंग थंड पडणं, श्वास मंदावणं.

काय करायचं: उलटी करवायची नाही, कॉफी पाजायची नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही. शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर साखरपाणी घोटघोट द्या. पेंगत असेल तर तोंडात काही न घालता एका कुशीवर ठेवा. १०८ ला फोन, किंवा टॅक्सी तयार असेल तर थेट निघा. लोअर परळच्या पट्ट्यातून परळचं वाडिया बालरुग्णालय आणि केईएम जवळ, जुहू-पार्ल्याच्या बाजूला कूपर, पूर्वेला सायन. काय प्यायलं, किती टक्क्यांचं, किती वाजता, हे सांगा आणि बाटली बरोबर न्या. "आधी साखर तपासा" हे स्वतःहून म्हणा.

आणि एक घरातलंच, विषयाला धरून. सर्दीला ब्रँडीचा चमचा. ५ मिलीच्या चमच्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं. पाच किलोच्या बाळाच्या रक्तात त्याने ४५-५० मिलिग्रॅम होऊ शकतं, म्हणजे पुन्हा गाडीच्या मर्यादेच्या वर. सर्दी त्याने जात नाही. बारमध्ये मुलाला नेऊ नये असं ठामपणे म्हणणाऱ्या काही घरांत हा चमचा आजही आजीच्या हातात असतो, म्हणून लिहिलं.

शिवडी_बंदर

ब्रँडीचं मान्य. हे घरोघरी पोचायला हवं.

कॅप्टन_टेबल_नंबर_९

डॉक्टरांनी लिहिलेला अपघात टेबलावर कसा घडतो ते सांगतो, म्हणजे टाळता येईल.

हॉटेलात ऑर्डर दोन कागदांवर जाते. जेवणाची केओटी किचनला, पेयांची बीओटी बार काउंटरला. मॉकटेल (बिनदारूचं कॉकटेल) हे पेय, म्हणून ते बीओटीवर जातं आणि बारमनच्या हातून येतं. त्याच शेकरमध्ये, त्याच ग्लासात. व्हर्जिन (बिनदारूचा) मोहितो आणि दारूचा मोहितो: तोच पुदिना, तेच लिंबू, तोच उंच ग्लास. गर्दीत ट्रेवर दोन्ही शेजारी असतात. लाँग आयलंड आइस्ड टी हे कडक कॉकटेल, पण दिसायला हुबेहूब आइस्ड टी. सँग्रियाच्या (फळं घातलेल्या वाइनच्या) जगमध्ये सफरचंद-संत्र्याचे तुकडे असतात आणि मुलं नेमके तेच उचलून खातात. त्या फळांत दारू मुरलेली असते. तिरामिसू, रम बॉल, प्लम केक यांत दारू आहे का ते वेटरला विचारा, आणि वेटरला नक्की माहीत नसेल तर शेफला विचारून यायला सांगा.

म्हणून मुलासाठी बारवरचं काहीच मागवू नका. किचनमधलं ताक, शहाळं, किंवा टेबलावर सील तोडलेली पाण्याची-ज्यूसची बाटली. पिण्यासाठी मुलाचा घरचा सिपर किंवा स्टीलचा ग्लास आणा, म्हणजे टेबलावर दुसरा तसा ग्लास नसतोच. मॉकटेल घेतलंच तर आधी मोठ्याने चाखायचं. आणि रिकामे-अर्धे ग्लास लगेच उचलायला सांगा. मुलं बहुतेक वेळा नव्या ग्लासाला हात लावत नाहीत, उरलेल्या घोटाला लावतात, कारण तेव्हा मोठ्यांचं लक्ष उठलेलं असतं.

धूर निघणाऱ्या कॉकटेलपासून लांब ठेवा. ड्राय आइस उणे ७८ अंश, लिक्विड नायट्रोजन उणे १९६. २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुखवास म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि खाणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या, ते मोठे होते. मुलाला तो धूर म्हणजे जादू वाटते आणि ते तुकडा तोंडात घालतं.

जेवणाचं: बसल्या बसल्या मुलाची केओटी पहिली आणि वेगळी फाडायला सांगा, "हे आधी आणा, बाकीचं नंतर." सगळं एकत्र सांगितलं तर मुलाचा भात कबाबाबरोबर पाऊण तासाने येतो, तोवर मूल टेबलाखाली गेलेलं असतं.

बालरोग_ओपीडी

चकन्याचं राहिलं. मसाला शेंगदाणे, चणे, पॉपकॉर्न, अख्खे काजू पाच वर्षांखालच्या मुलाला नाहीत. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, दाणा अर्धा तुटून श्वासनलिकेत जातो. चकना बसताक्षणी येतो आणि मुलाच्या हाताच्या टप्प्यात ठेवला जातो. परत पाठवा किंवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. घशात अडकलं आणि मूल खोकत-रडत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर: वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं धरून खांद्यांमध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आलटून पालटून. वर्षावरच्या मुलाला पाच थापा आणि बेंबीच्या वर पाच झटके. घशात न बघता बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

कानसेन_मुलुंड

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या मते तान्ह्या बाळाला न नेण्याचं सर्वांत भक्कम कारण तेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मापाप्रमाणे मुलांसाठी आठवड्याला ७५ डेसिबल, ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८४ ला ५ तास, ९० ला सव्वा तास, ९६ ला जेमतेम १९ मिनिटं. आणि हा पूर्ण आठवड्याचा हिशेब आहे, त्यात घरचा टीव्ही, गणपतीतला ढोल, रस्त्याचा हॉर्न सगळं आलं. डीजे चालू असलेल्या हॉलमध्ये ९५ सहज असतं. मीटर नसेल तर खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे ८५ च्या पुढे.

गिरण्यांच्या शेडमध्ये बांधलेल्या जागांची अडचण वेगळी. उंच पत्र्याचं छप्पर, विटेच्या उघड्या भिंती, काच, सिमेंट. आवाज शोषणारं काहीच नाही. मोकळ्या मैदानात स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात, अशा शेडमध्ये त्याच्या निम्मेही उतरत नाहीत, कारण आवाज भिंतींवरून परत येतो. "कोपऱ्यातलं टेबल द्या" म्हणून उपयोग होत नाही, उलट कोपऱ्यात खर्ज जास्त साठतो. उघड्या अंगणातलं किंवा दाराजवळचं टेबल बरं. मुलांचे इअरमफ मिळतात, वेष्टनावर २५ डेसिबल लिहिलेलं असलं तरी नीट न बसल्यामुळे १५ च्या आसपास धरा. बाळाच्या कानात कापूस घालून काही होत नाही.

शिवडी_बंदर

अंगणातलं टेबल म्हणजे सिगारेटचं टेबल. तिथे काय करायचं?

कानसेन_मुलुंड

हो, खरी कोंडी तीच आहे. आत आवाज, बाहेर धूर. २००८ च्या नियमांनी हॉटेलात धूम्रपान बंद झालं, ३० किंवा जास्त आसनं असतील तर वेगळी बंदिस्त जागा ठेवता येते. प्रत्यक्षात लोक गच्ची आणि अंगणात ओढतात. फोन करताना "स्मोकिंग कुठे चालतं" हा प्रश्न आवाजाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. दोन्ही बाजूंनी उत्तर वाईट आलं तर ती जागा मुलासाठी नाही.

काळा_कोट_फोर्ट

कायद्याचं थोडक्यात, गैरसमज बरेच आहेत म्हणून.

महाराष्ट्रात बीअरसाठी वय २१, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्याला २५. मूळ कायदा १९४९ चा दारूबंदी कायदा, त्याखाली पिणाऱ्याकडे परवाना लागतो; बारमध्ये एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना फाडतात तो हाच.

मुलांपुरतं महत्त्वाचं कलम दुसरीकडे आहे. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७७: १८ वर्षांखालच्या कुणालाही मद्य किंवा तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. अपवाद फक्त पात्र डॉक्टरच्या आदेशाचा. देणारा आई-बाप असला तरी कलमात सूट नाही. "आमचंच मूल, आम्हीच चाखवलं" हा बचाव नव्हे. कलम ७८ प्रमाणे मुलाकडून दारू आणवणं-विकवणं हाही गुन्हा, म्हणजे "जा बाळा, काउंटरवरून बाटली घेऊन ये" हेसुद्धा नको. मुलाची हेळसांड होऊन त्याला त्रास झाला तर कलम ७५ आहे.

मुलाला आत घ्यायचं की नाही याचे नियम जागा आपापले लावते. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी ठराविक वेळेनंतर २१ खालच्यांना प्रवेश नसतो. बाउन्सरशी दारात वाद घालू नका, परवाना त्यांच्या मालकाचा पणाला असतो.

परतीचं: मोटार वाहन कायदा कलम १८५, मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना असेल तर कलम १९४-ब, १,००० रुपये. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, फेब्रुवारी २०२३ पासून.

बालरोग_ओपीडी

वकिलांच्या ३० मिलिग्रॅमला जोड देते. ५ टक्के बीअरचा ५०० मिलीचा एक मग म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम. ६० किलोच्या माणसाच्या रक्तात तो ४० च्या पुढे जाऊ शकतो. "एकच मग" म्हणून चावी हातात घेऊ नये. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मोडतं, लिंबूपाणी आणि गार वारा याने वेग वाढत नाही.

त्यामुळे माझी एकच अट, बाकी सगळ्यात तडजोड चालेल: टेबलावरचा एक मोठा माणूस पूर्ण कोरडा हवा. अर्धा मग नाही, चव नाही. आणि तो कोण हे घरून निघताना ठरवा, दुसऱ्या पिचरनंतर नाही. आमच्याकडे न ठरवता ही पाळी आईवरच येते, म्हणून आळीपाळीने ठरवा असंही सांगते.

स्तनपान करणाऱ्या आईने एखादा पेग किंवा लहान ग्लास घेतला असेल तर निदान दोन तास थांबून पाजावं. दूध पिळून टाकल्याने वेळ कमी होत नाही, रक्तात आहे तोवर दुधात आहे. निघण्यापूर्वी पाजून घ्यावं, किंवा काढलेलं दूध बरोबर ठेवावं.

आणि घरी पोचल्यावर. आपल्याकडे बाळ आईवडिलांच्या मध्ये झोपतं. प्यायलेल्या माणसाची झोप जड असते, बाळावर हात किंवा पांघरूण गेलेलं कळत नाही, बाळ गुदमरतं. त्या रात्री प्यायलेल्याने बाळाच्या अंथरुणावर झोपायचं नाही, वेगळी गादी घालायची. वन-रूम-किचनमध्येही हे जमतं: बाळ कोरड्या माणसाजवळ पण स्वतःच्या दुपट्यावर, प्यायलेला किचनमध्ये. ब्रुअरीतल्या दोन तासांपेक्षा मला या रात्रीची काळजी जास्त वाटते.

लोखंडी_जिना

बाहेर पडायच्या वाटेबद्दल. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबना आग लागली, १४ माणसं गेली. बरीचशी संडासात आसरा घ्यायला गेली आणि धुराने गुदमरली. म्हणून मुलाला घेऊन बसायच्या आधी दोन मिनिटं फिरून या: आलो त्याशिवाय दुसरा जिना कुठे, त्याचं दार उघडतं का, त्यापुढे क्रेट किंवा खुर्च्यांची चळत लावलेली आहे का. बांबू, ताडपत्री, गवती छत असलेली गच्ची मुलासाठी नको, आणि ज्या संध्याकाळी बारमन बाटल्यांना आग लावून खेळ करतो तेव्हाही नको. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंध कायद्याप्रमाणे जागेला दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ब द्यावा लागतो. मॅनेजरला विचारायला संकोच करू नका.

बाबागाडी जिन्याच्या तोंडाशी लावू नका. पोटमाळ्यावरच्या फॅमिली सेक्शनचा कठडा बघा: आडव्या सळ्या असतील तर मुलं शिडीसारखं चढतात, उभ्या सळ्यांत दहा सेंटिमीटरहून जास्त फट असेल तर लहानाचं अंग त्यातून जातं. पोटमाळ्याला जिना एकच असतो, त्यामुळे तळमजला मिळत असेल तर तोच घ्या.

शिवडी_बंदर

हे सगळं वाचून माझं मत अर्धं बदललं, अर्धं पक्कं झालं. दुपारी १२ ते २, दारालगतचं टेबल, एक माणूस कोरडा, याला माझा विरोध राहिला नाही. रात्रीला आहे, आणि तान्ह्या बाळाला कुठल्याही वेळी आहे. मूल मोठ्यांना बघून शिकतं हाही मुद्दा राहतोच. चार-पाच वर्षांच्या मुलाला ग्लासात काय आहे, कुणी प्यायचं, कधी प्यायचं हे बरंच कळतं. एक मग, जेवण, मग घरी, हे त्याने पाहिलं तर एक गोष्ट; बाबांचा आवाज चढत गेलेला पाहिला तर दुसरी.

कॅप्टन_टेबल_नंबर_९

शिवडींनी शेजारच्या टेबलांचा विचार मांडला होता, त्याला वेटरचाही जोडा. काचेचे सहा भरलेले मग म्हणजे ट्रे सहा-सात किलोंचा, तो खांद्याच्या उंचीवर असतो आणि वेटरला पायाखालचं दिसत नाही. पळणारं मूल त्याच्या गुडघ्याशी येतं. सिझलरची तापलेली प्लेटही तशीच येते. मुलाने टेबल सोडलं की एका मोठ्याने उठायचं, "वेटर बघेल" असं नाही. संडासात एकटं पाठवायचं नाही, दहा वर्षांचं असलं तरी. दोन तास ही कमाल मर्यादा, त्यापुढे कुठलंही मूल शांत बसत नाही आणि दोष मुलाचा नसतो.

सायलीचा_वेल

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: टेबल बुक करताना फोनवर नेमकं काय विचारायचं?

कॅप्टन_टेबल_नंबर_९

मुलाचं वय आधी सांगा, मग विचारा: त्या दिवशी ब्रंच, सामना किंवा डीजे आहे का आणि आवाज किती वाजता वाढतो, मुलांना किती वाजेपर्यंत प्रवेश, साध्या उंचीचं टेबल दाराजवळ मिळेल का, सिगारेट कुठे ओढतात, हायचेअर आहे का. हायचेअर "आहे" म्हणाले तर पट्टे शाबूत आहेत का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी खुर्ची असते आणि दोन्ही खांद्यांचे पट्टे तुटलेले असतात, मूल खालून सरकून जातं. घरून एक मऊ ओढणी न्या, कमरेभोवती आणि पायांमधून खुर्चीच्या पाठीला बांधता येते; गळ्याजवळ गाठ येऊ देऊ नका. डायपर बदलायचा ओटा नसतोच असं धरून घडीची चटई ठेवा.

आणि फक्त टाक्या बघायच्या आणि जेवायचं असेल तर ड्राय डेला फोन करून बघा. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, मतदानाचा दिवस. ज्यांचं किचन चालू असतं तिथे टॅप बंद असतात, हॉल रिकामा असतो आणि ब्रुअरला बोलायला वेळ असतो.

माल्ट_आणि_पाणी

फक्त त्या दिवशी सीआयपी आहे का ते विचारून घ्या. विक्री बंद म्हणून धुण्याची कामं बऱ्याचदा ड्राय डेलाच काढतात.